गंगूच्या डोळ्यांवरची पट्टी

बालवर्गात शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. कुसळांसारखे ते लुगड्याला चिकटून घरी येतात!

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. अनसिंगजवळच्या एका खेड्यात मिशनचा बालवर्ग होता आणि तिथली बाई मी. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. येशूच्या गोष्टी ऐकायची, फुटाणे खायची आणि पळायची.

एका सकाळी पार्वताबाई आपल्या लहानग्या गंगूला घेऊन आली. गंगूला जन्मापासून दिसत नव्हतं. आईनं दारातच बजावलं, "बाई, एखादं पोरगं इले हासलं, तं त्याच दिवशी मी इले घरी नेईन. मंग पुन्हा नाई आननार."

माझा वर्ग मला माहीत होता! मोठ्या शाळेच्या मास्तरांच्या टकलावर गाणं रचणारी पोरं ती!

*

"मागल्या जन्माचं पाप," असं गावातल्या बायका गंगूबद्दल कुजबुजायच्या. म्हणून मी येशूनं जन्मापासून आंधळ्या माणसाला बरं केलं ती गोष्ट घेतली. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? मी वर्गालाच विचारलं, "सांगा, कोणाचं?"

किसना तावातावानं उठला. "बाई, पाप त्या इचारनाऱ्याचं! त्याले काय करा लागते चौकशी?"

येशू 'कोणाचंच नाही' एवढंच म्हणाला होता, इतकं रोखठोक बोलला नव्हता; पण मला ते उत्तर फार आवडलं.

*

त्याच गोष्टीनं पुढे घोटाळा केला. येशूनं थुंकीत माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावली होती. मधल्या सुटीत बघते तर गंगू चिंचेखाली बसलेली, आणि पोरं आळीपाळीनं काळ्या मातीत थुंकताहेत! गंगूचे डोळे कपाळापर्यंत लिंपलेले.

"दिसून राह्यलं काय वं?" किसनानं विचारलं.

"नाई."

"थुका रे अजून!"

मी ओरडले, तर गंगूच म्हणाली, "रागावू नका, बाई. थंड वाटते."

ट्रेनिंगमध्ये ह्यावर काही शिकवलं नव्हतं! संध्याकाळी आईनं लेकीचा अवतार पाहिला आणि ती भडकली. "हासले नाई, पन हे तं त्याच्याहून बेकार! शनिवारी कापूस वेचनं सरते. मंग इले घेऊन जाईन."

मला फार वाईट वाटलं. पोरांचं चुकलं होतं, पण त्यांच्या मनात खोट नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला यशोदानं हात जोडले. "देवा, गंगूले डोये दे." मग एक डोळा उघडून गंगूकडे पाहिलं. "नाई तं आमाले तिचे कान दे. आवाजावरून सगळ्यायले ओयखते ते!"

सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" गंगूच म्हणाली.

*

शुक्रवारी पोरांनी आंधळी कोशिंबीर मांडली आणि नेमकं गंगूवरच राज्य आलं. मी धावले, तोवर कोणीतरी बोललंच, "इले पट्टी कायले?"

गंगू रडकुंडीला आली. "काहून नाई? सगळ्यायले बांधता, मले बी बांधा!"

बांधली. तिनं बघता बघता सगळ्यांना पकडलं! किसना पाय आपटत म्हणाला, "हा रडीचा डाव हाये! इले सवय हाये!"

बरंच भांडण झालं आणि नवा नियम ठरला. गंगूवर राज्य असलं की सगळ्यांनीच पट्टी बांधायची!

*

शनिवारी पार्वताबाई आली तेव्हा अख्खा वर्ग फडकी, टोप्या, उपरणी डोळ्यांवर बांधून अंगणात चाचपडत होता. किसना चिंचेला धडकून तिचीच माफी मागत होता. मधोमध गंगू, डोळ्यांवर माझा जुना रुमाल, एकेकाला नाव घेऊन पकडत होती. सगळी पोरं खदाखदा हसत होती.

मला आईची अट आठवली आणि मी घाईनं पुढे झाले.

पार्वताबाईनं हसणाऱ्या पोरांकडे आणि लेकीकडे पाहिलं. मग तिनं कमरेची कापसाची ओटी सोडून ओट्यावर ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "मले बी एक फडकं द्या."