पाणखंडाची घार

मोठ्या ट्रॉलरने रामू तांडेलची जाळी कापून नेली, तेव्हा त्याची मुलगी कल्पिता धाकटी डहाणू गावाच्या किनाऱ्यावर आईबरोबर बोंबील वाळत घालत होती. २०१४ चा डिसेंबर होता. रामू होडीतून उतरला आणि वाळूतच बसला. "मी ओरडत होतो, आणि ते हसून हात हलवत होते," एवढंच तो म्हणाला.

कल्पिता तेव्हा एकोणीस वर्षांची. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचं शिकलेली, हात सरळ आणि डोकं तापट. तिने ड्रॉइंगची वही उघडली आणि एक देश मांडला, पाणखंड. बेटांचा, तिवरांचा, होडीवाल्यांचा देश. त्याच्या रक्षणासाठी एक जेट विमान काढलं. वरून भुर्रकन निघून जाणारं नव्हे, तर चिखलात अडकलेल्या आपल्या माणसांच्या डोक्यावर कमी उंचीवरून, सावकाश फिरत राहणारं आणि शत्रूला तिथेच ठोकणारं. पंखांवर शिंपल्याचा शिक्का काढला आणि नाव ठेवलं घार.

घार-१ एका वैमानिकाची. घार-२ शिकाऊंसाठी, दोन आसनांची. घार-३ बेटांवरच्या आखूड धावपट्टीसाठी, रुंद पंखांची. नाकात लांब तोफ होती आणि ती बरोबर मध्यावर हवी होती, म्हणून पुढचं चाक तिने उजवीकडे सरकवलं. त्या एका चाकापायी तिने अकरा वेळा खोडलं.

२०१६ मध्ये ती डहाणू रोडला जतीन सरांच्या क्लासला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकायला लागली. सरांनी वही पाहिली. "कमाल आहे गं! दोन दिवस ठेवतो, सगळ्यांना दाखवतो." वही परत आली, आणि कल्पिता ते विसरूनही गेली.

पुढच्या वर्षी मैत्रिणीने, शितलने, मोबाईल पुढे केला. काल्पनिक देशांची विमानं काढायची एक ऑनलाइन स्पर्धा होती. पहिला क्रमांक: घार, पाणखंड वायुदल. रचनाकार जतीन सर. पंखांवरचा तिचा शिंपल्याचा शिक्कासुद्धा तसाच होता.

ती थेट क्लासमध्ये गेली. सरांनी मान वर केली नाही.

"कोळणीची पोरगी लढाऊ विमानं काढते, हे पटणार कुणाला? माझ्या नावामुळे तुझं चित्र चार लोकांनी पाहिलं. उपकार मान."

घरी येऊन तिने आईला, वेणूला, सगळं सांगितलं. वेणूने कोयता खाली ठेवला. "रडून घे आधी."

"मला नाही रडायचं. त्याला रडवायचंय."

"मग मासा गळ नीट गिळेपर्यंत दोरी ओढू नको," वेणू म्हणाली.

कल्पिताने दोरी वर्षभर सैल सोडली. क्लास सोडला नाही. सरांना चहा आणून दिला, त्यांची कामं करून दिली. एकदा खालच्या मानेने म्हणाली, "सर, तुमचंच खरं होतं. घार-४ काढलीय. तुमच्याच नावाने जाऊ दे."

घार-४ देखणी होती. तोफ मोठी, नाक निमुळतं. आणि पुढचं चाक बरोबर मध्यावर. ते काढताना तिने एकदाही खोडलं नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत डहाणूतल्या एका सभागृहात जतीन सरांचं प्रदर्शन भरलं. दारापासून मंचापर्यंत घार-४ चे मोठे फलक. पालक आले, विद्यार्थी आले, वायुसेनेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ नविन राऊत पाहुणे म्हणून आले. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग कल्पिता उभी राहिली.

"सर, एक शंका. उडाल्यावर पुढचं चाक आत कुठे जातं?"

"नाकात. कुठे जाणार?"

"नाकात तर तोफ आहे, सर. या टोकापासून थेट वैमानिकाच्या पायांपर्यंत."

राऊत उठले, चष्मा लावून फलकाजवळ गेले. त्यांनी बोटाने रेघ मोजली. "खरंच की. चाकाला जागाच नाही. जतीनराव, काय विचार केला होता?"

जतीन सर हसले, मग हसू आटलं. "ते... छपाईत चुकलं असेल."

"पहिल्या तीन घारींत चाक उजवीकडे का आहे, ते सांगा मग," कल्पिता म्हणाली. सरांच्या कपाळावर घाम आला, आणि तो पाहताना तिला बापाची कापलेली जाळी आठवली. तिने वही राऊतांच्या हातात ठेवली. अकरा वेळा खोडलेलं ते पान, खाली २०१५ ची तारीख आणि तिची सही. मागून कुणीतरी मोठ्याने "चोर!" म्हणालं.

राऊतांनी स्वतः स्पर्धेवाल्यांना कळवलं. रचनाकार म्हणून कल्पिताचं नाव लागलं. पालकांनी मुलं काढली, आणि पावसाळ्याआधी क्लासला कुलूप लागलं.

२०१९ मध्ये तलासरीकडच्या एका साच्यांच्या कारखान्यात तिला ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. एकदा कामासाठी अच्छाडला गेली, तर ट्रकांच्या तपासणी नाक्याजवळ टेबल टाकून जतीन सर ट्रकवाल्यांचे फॉर्म भरत होते. केस पांढरे झालेले. त्यांनी तिला ओळखलं.

"माझं आयुष्य मातीत घातलंस तू. एकदा समोर येऊन भांडायचं होतंस."

"आले होते," ती म्हणाली. "तुम्ही मान वर केली नव्हती."

दया येईल असं तिला वाटलं होतं. ती क्षणभर थांबलीही, येते का पाहायला. आली नाही. मागचा ट्रकवाला फॉर्मसाठी ओरडला, सरांनी मान खाली घातली, आणि कल्पिता रस्ता ओलांडून कामाला गेली.