बाहीवरचे वाकडे रफू

रफूवाल्यांच्या घरी तिसरे माणूस आले, की गर्दी नको म्हणून ते स्वतःच गच्चीवर निघून जातात, असे शेजारी म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते. जिन्यात दोघे बोलत उभे असले तर रफूवाले दार अर्धे उघडून थांबत आणि आवाज विरल्यावरच दूध आणायला उतरत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा त्यांच्या पत्नीला विचारले होते, लग्नाला तरी हे हजर होते ना? होते, ती म्हणाली होती, पण दाराजवळ.

कामही स्वभावाला धरूनच होते. खिडकीशी बसायचे, कापड उलटे धरायचे आणि त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढलेल्या धाग्याने भोक विणून काढायचे, असे की सुलट बाजूने ते मालकालाही सापडू नये. चाळीस वर्षांत त्यांनी बुजवलेले एकही भोक कोणाला दाखवता आले नसते. एक सोडून.

थंडी सुरू झाली, की एका रविवारी वाहने बंद ठेवून त्यांच्या रस्त्यावर जत्रा भरे. पत्नी न चुकता जाई आणि निघताना म्हणे, "अहो, नुसतं कोपऱ्यापर्यंत तरी चला." रफूवाल्यांना नेमके तेव्हाच तातडीचे काम निघे. एका वर्षी ती परतली ती निळ्या लोकरी कोटाची उजवी बाही एका दुकानाच्या खिळ्यावर फाडून घेऊन. गर्दीत जाऊन दुसरे काय होणार, असे पुटपुटत त्यांनी ती रागाच्या भरात, दिव्याच्या उजेडात भरली. वीण तिरकी गेली. सकाळी पाहिल्यावर लाज वाटून ते उसवायला निघाले, तर तिने कोट हाती लागू दिला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या हातचं एवढं एकच तर दिसतं."

ती गेल्यावर मेहुणीने कपाट आवरले. कपडे मदतनिधीला देऊ का, असे तिने विचारले तेव्हा रफूवाल्यांनी नुसती मान डोलावली. कोट बाजूला ठेव, एवढे सांगायचे त्यांना सुचले नाही. पुढे आठ महिने ते रिकाम्या खुंटीकडे पाहत राहिले. जत्रेच्या आदल्या दिवशी मेहुणी सहज म्हणाली, की निधीवाले ते कपडे उद्या आपल्याच रस्त्यावर विकायला मांडणार आहेत.

सकाळी ते सर्वांच्या आधी कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. जुन्या कपड्यांचे टेबल साठ पावलांवर होते. पण मांडामांड होईपर्यंत माणसे आली, त्यांच्यामागून आणखी आली, आणि रफूवाल्यांचे पाऊल उचलेना. जरा ओसरू दे, म्हणता म्हणता तास गेला. गर्दी ओसरायची लक्षणे नव्हती. शेवटी खांदे आक्रसून, श्वास कोंडून ते टेबलाशी पोचले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, निळा कोट होय, तो तर सगळ्यांत आधी गेला.

परत फिरायचे, तर मागची वाटही बुजली होती. मग लोक नेतील तिकडे ते चालत राहिले. चाकूला धार लावणारा नाकातून ओरडत होता. पत्नी जत्रेतून घरी येऊन त्याची नक्कल करी, तेव्हा ती पदरचे घालते असे त्यांना वाटे. तो हुबेहूब तसाच ओरडत होता. ते त्याच्यापुढे बराच वेळ थांबले. कोणाचा तरी धक्का लागला, तोही त्यांना फारसा जाणवला नाही.

आणि तिथूनच त्यांना ती बाही दिसली. स्वतःची चूक त्यांनी दहा पावलांवरून ओळखली. जन्मात कोणाला न मारलेली कोपरे मारत ते पुढे घुसले.

कोटाच्या आत टपालखात्याचा गणवेश घातलेली एक तरुण मुलगी होती. हवी ती किंमत घे पण कोट दे, असे म्हणायचे त्यांनी ठरवले होते. मात्र तिने कॉलर कानापर्यंत ओढून घेतली होती, हात खिशात खोल घातले होते, आणि कोट तिला नेमका बसला होता. आपल्या बाहीकडे टक लावून पाहणाऱ्या म्हाताऱ्याला तिने काय झाले म्हणून विचारले. आपण रफूचे काम करतो, एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"बरं झालं भेटलात, काका," ती म्हणाली. "कोट झकास मिळालाय, पण हे बघा ना, कुणी शिकाऊनं केल्यासारखं. उसवून नीट कराल? दोन दिवस ठेवून घेतलात तरी चालेल."

तिने हात पुढे केला. रफूवाल्यांनी बाही चिमटीत धरली. दोन दिवस तो कोट पुन्हा त्या खुंटीवर असता. त्यांचा अंगठा तिरक्या विणीवरून एकदा फिरला, आणि त्यांनी बाही सोडली.

"नाही करणार."

"अहो, पण किती वाईट दिसतंय."

"दिसू दे. मीच केलंय ते."