अजून घट्ट, काकू

लॅबमधली मुलगी माझ्या दंडाला पट्टा बांधते आणि दर वेळी तेच म्हणते, "काकू, मूठ घट्ट आवळा." मी आवळते. बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात, आत एखादं संत्रं धरल्यासारखी. "अजून घट्ट," ती म्हणते. संधिवाताच्या बाईला सूज आहे का हे बघायचं, आणि त्यासाठी तिलाच मूठ आवळायला सांगायचं! उत्तर त्या मुलीच्या डोळ्यांसमोर असतं, पण ती शीर शोधत असते.

या वेळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर सुजेचा आकडा नॉर्मल. डॉक्टर खूश झाले. नवऱ्याने तिथूनच नणंदेला फोन लावला, "अगं, एकदम छान आहे ती आता!" छान असलेली मी शेजारीच बसून पर्सची चेन उघडायला धडपडत होते.

रक्तावर माझा राग नाही. त्याला जेवढं कळतं तेवढं ते सांगतं. राग येतो तो माणसांचा. मी "दुखतंय" म्हटलं की सगळे कागदाकडे बघतात. माझ्याच घरात माझ्या शब्दाला साक्षीदार लागतो, आणि तो उलटला की मी खोटी. आकडा चढला की बिचारी, उतरला की नाटकी.

परवा नवरा म्हणाला, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग आज पोळ्या का नाहीत?" असा संताप आला, वाटलं, मूठ आवळावी आणि टेबलावर दाणकन आपटावी.

बोटं अर्ध्यावर येऊन थांबली.