आमच्या बोळातला पंचायतीचा दिवा

पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या आणि कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात मी सदस्य झाले. घरच्यांना वाटलं, सहीपुरती जाईल आणि येईल. मी कसली गप्प बसतेय!

पहिलं काम घरातलंच निघालं. माझी थोरली जाऊ रोज पहाटे अंधारात दुधाची किटली घेऊन डेअरीला जायची. आमच्या बोळात दोनदा पडली. दुसऱ्या खेपेला गुडघा टम्म सुजला, तेव्हा म्हणाली, आता म्हैस विकूनच टाकते. तिचं स्वतःचं म्हणून घरात काही असेल तर ती म्हैसच. मला फार वाईट वाटलं.

बोळात दिवा हवा म्हणून पंचायतीतर्फे अर्ज केला. वीज कार्यालयाचे साहेब जागा बघायला आले आणि बोळातच नियमांचं पुस्तक उघडून उभे राहिले. पंचायतीचा दिवा सार्वजनिक रस्त्यावरच लावता येतो, खाजगी जागेत नाही. आणि बोळ तर सासऱ्यांच्या नावावर! ते लिहून द्यायला तयार नव्हते. गावाला दिला की उद्या कुणीतरी टपरी टाकणार, हे त्यांचं भ्या. साहेब येण्याआधीच महिनाभर समजावून माझ्या तोंडाला फेस आला होता.

मी साहेबांना विचारलं, सार्वजनिक म्हणजे नक्की काय? त्यांनी वाचून दाखवलं, जिथून जायचा-यायचा लोकांना हक्क आहे तो रस्ता.

सासरे कट्ट्यावरच बसले होते. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "मामंजी, बेंदराला बैलं कुठनं जात्यात?"

बेंदराच्या सणाला निघणाऱ्या बैलांच्या मिरवणुकीचा त्यांना भारी अभिमान. एका वर्षी ती दुसरीकडून नेली तर दोन दिवस जेवले नव्हते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्याच बोळातनं. साऱ्या गावाची. हक्कच हाय गावाचा."

साहेबांनी पेन काढलं. मामंजींच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सावरून दोन पावलं मागं सरले. पण साहेब म्हणाले, सार्वजनिक रस्त्यावर टपरी टाकायला कुणालाच परवानगी नसते. मग म्हातारा हसला आणि सही केली.

दिवा लागला, म्हैस राहिली. पुढं एकदा बल्ब गेला, नवा यायला चार दिवस लागले. त्यातल्या एका पहाटे मी दार उघडलं तर बोळात मामंजी बॅटरी धरून उभे, आणि जाऊ त्या उजेडात किटली घेऊन सावकाश चाललेली. थंडीत कशाला उठलात, म्हटलं.

"पंचायतीचा बल्ब येईस्तवर मी हाय की," ते म्हणाले.