सात ते नऊमधली तिसरी हाक

सोमवार, १ डिसेंबर १९८६. रक्कम एकशे ऐंशी रुपये. हजर: बर्फाच्या कारखान्याचे मालक आणि खाडीकाठच्या आमच्या वाडीतल्या बारा घरांतलं एकेक माणूस. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की विजेचा दाब उतरे, कारखान्याचं यंत्र बंद पडे आणि बर्फ धरत नसे. म्हणून मालकांनी ठरवलं: महिनाभर सात ते नऊ जे घर वीज जाळणार नाही, त्याला पंधरा रुपये. मीटर बघायचं काम माझ्याकडे आलं. सातला आणि नऊला मी विजेरी घेऊन बारा घरं फिरायचो आणि आकडे वहीत लिहायचो.

पहिले काही दिवस मजेत गेले. पुढे माणसं हळू बोलू लागली. रॉकेलच्या चिमण्या मागच्या स्वयंपाकघरात, पुढची खळी, म्हणजे अंगणं, काळोखात. सगळे खळ्यांत बसलेले असत, पण विजेरी मारल्याशिवाय एकही दिसत नसे. नुसत्या खोकल्यावरून मी घर ओळखायचो.

३० तारखेला अमावास्या होती. वाडीतली एकच होडी परतायची राहिली होती, शेवटच्या घरातली. आठ वाजून दहा मिनिटांनी पाण्याकडून हाक आली.

"वाडी खंय गेली रे?"

कोणी ओ दिली नाही. तिन्हीसांजेनंतरच्या हाकेला आमच्याकडे लगेच ओ देत नाहीत. दोन हाका फसव्या असू शकतात, तिसरी माणसाचीच, असं धरून चालतात.

"बल्ब लावशात तर पंधरा रुपये बुडतले हां," शेजारी काळोखातून म्हणाला.

"तिसरी येवंदे," बायकोने माझं मनगट धरलं.

दुसरी हाक आली, जरा लांबून. खाडीच्या तोंडाशी खडक आहे आणि काळोखात होड्या आमच्या खळ्यांतल्या दिव्यांवरूनच वाट काढतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी मोजत राहिलो.

तिसरी हाक पाण्याकडून आली नाही. ती आमच्या मागच्या कुंपणापासून आली. शब्द तेच.

शेवटच्या घरातली बाई उठली. "माझो घोव भायर आसा. तुमचे पंधरा रुपये तुमका लखलाभ," म्हणाली, आणि तिच्या खळ्यात दिवा लागला.

थोड्या वेळाने होडी आली, एक बाजू खरवडलेली. तिचा नवरा तांब्याभर पाणी प्यायला आणि मग बोलला. "आमी दोनच हाका मारलव. मगे होडी खडकाक घासली, तोंडातसून आवाजच येयना."

कुंपणाकडे कोणीच गेलं नव्हतं. मी घरोघर विचारलं, माणसं मोजली. नऊला तिच्या मीटरची चकती फिरत होती, तसं वहीत लिहिलं.

३१ तारखेला मालकांनी वही बघून अकरा घरांचे एकशे पासष्ट रुपये दिले. तिचे पंधरा कापले. ते एकशे पासष्ट आम्ही अकराजणांनी तिच्याच हातात ठेवले, सात ते नऊ तिच्या खळ्यातला दिवा रोज जळावा म्हणून, त्याच्या बिलापोटी.