मीटर म्हणतं, हवा कमी

जालन्याजवळच्या एका बियाणे कारखान्यात मी मोजमापाची यंत्रं सांभाळायची. मक्याचं बियाणं वाळवायच्या ड्रायरला गरम हवा लागते आणि ती किती जाते, हे हवा नेणाऱ्या डक्टवरचं मीटर सांगतं. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत ते शहाण्यासारखं वागलं. सुट्टी संपली आणि ते हवा कमी दाखवायला लागलं.

मी डक्टच्या भोकातून हातातलं यंत्र आत घालून हवेचा वेग मोजला. हवा भरपूर होती. ड्रायर सांभाळणाऱ्या काकांना हे पटेना. काका भोकरदनकडचे, देहानं आणि मतानंही वजनदार.

"म्याडम, ते मीटर कायमचं बसवलेलं हाय. तुमचं आज हितं, उद्या तिथं. भरोसा कुणावर ठिवायचा?"

आणि मीटरचा आकडा जागेवर येईपर्यंत त्यांनी हवेची झडप उघडत नेली. नेमके तेव्हाच मालक राजूरच्या गणपतीचं दर्शन करून, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. ड्रायरमधून मक्याचा भुसा असा उसळला, की मालक दिसेचनात. दिसले तेव्हा भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या.

"जल्दी बंद करा ते!"

"पण शेठ, मीटर तर आता बराबर दाखवून राह्यलंय," काका म्हणाले.

ब्लोअर बंद केल्यावर मी मीटरच्या नळ्या फुंकून पाहिल्या, शून्य तपासलं, सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठंच काही सापडेना. शेवटी डक्टचे बोल्ट खोलून आतली पोलादी चकतीच बाहेर काढली. तिला मधोमध भोक असतं. त्यातून जाताना हवेच्या दाबात फरक पडतो आणि त्यावरून मीटर हवा मोजतं. भोकाची धारदार कड येणाऱ्या हवेच्या समोर लागते. आमची चकती हवेकडं पाठ करून बसली होती, आणि तिच्या बाहेर डोकावणाऱ्या दांडीवर ठसठशीत हळदकुंकू होतं.

"काका, ही फिरवली कुणी?"

"मीच की! खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा करत गेल्तो. हिच्या दांडीवर कोरलेली अक्षरं भिंतीकडं. तिथं हातच पुरंना. मंग बोल्ट खोलले, तोंड इकडं केलं, कुंकू लावलं. बिलकुल गळती न्हाई, पाहून घ्या."

गळती खरंच नव्हती. मला रागवायचं होतं, पण आधी हसूच फुटलं.

मालक अंग झटकत आले. "म्हणजे पूजेनं बिघडलं म्हणता?"

"पूजा बराबर व्हती शेठ. तोंड उलटं व्हतं."

चकती सुलटी बसवून ब्लोअर चालू केला. मी पुन्हा हातातल्या यंत्रानं हवा मोजली. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. काकांनी चष्मा पुसून आधी मीटर पाहिलं, मग माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"पहा म्याडम," ते म्हणाले, "सुधारलं तुमचं यंत्र."