नळीच्या टोकाचा स्क्रू

देवासच्या जुन्या बाजारात जयसिंगरावांचं बंदुकांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, शालिग्राम एकेचाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत बसत आला. मूळचा धारचा. त्याचे वडील दरबारी घराण्यांची शस्त्रं उजळून द्यायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून, नुसतं बघत बघत, हा शिकला.

दोन गोष्टींचा त्याला ताठा होता. एक, त्यानं आजवर एकाही स्क्रूची खाच बिघडवली नव्हती. दुसऱ्या कुणी उघडलेल्या बंदुकीवर ओरखडे दिसले की त्याचं जेवणावरून मन उडे. आणि दुसरी, त्यानं बंदूक हातात घेऊन "रिकामी आहे" म्हटलं की दुकानात पुन्हा कुणी तपासत नसे. जयसिंगरावसुद्धा नाही.

दसऱ्याला पंधरा दिवस होते, तेव्हा शिवांगी आली. सासरे गेल्यापासून हाटपिपल्याच्या पुढचं शेतघर तीच सांभाळते. रिव्हॉल्वर तिच्याकडे होतं, दुसऱ्या हत्याराची परवानगी नुकतीच मिळाली होती. शालिग्रामनं तिच्यापुढे आधी साधी, उजव्या अंगाला बोल्ट असलेली रायफल ठेवली. तिनं ती खांद्याला लावून लगेच खाली ठेवली.

"काका, मी डावरी आहे. दर वेळी हात आडवा न्यावा लागतो. आणि काडतुसं सालभरात मोजकीच मिळतात. त्यात पण रिव्हॉल्वरची वेगळी, हिची वेगळी, अशी वाटणी कशाला?"

जयसिंगराव गल्ल्यावरून हसले. "भिया, ती धारवाली काढ की. लेकीसारखी नटवून ठेवलीयेस, पाठवणी करवत नाहीये तुझ्याच्यानं."

शालिग्रामनं कापडातून ती काढली. जुनी, विलायती, हलकी. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस आपोआप चढतं. कडी मधोमध, म्हणून उजव्या-डाव्याला सारखीच. काडतुसं मोठ्या नळीखालच्या बारीक नळीत, एकामागे एक बसतात. आणि ती शिवांगीच्या रिव्हॉल्वरचीच.

"धक्का बसत नाही खांद्याला," तो सावकाश म्हणाला. "मार फार लांबचा नाही. शंभर पावलांपर्यंत खरी आहे. उगाच दोनशेचं सांगणार नाही मी."

"बस, मला शंभरच हवीत. अंगण तेवढंच आहे."

त्याला बरं वाटलं. ही बंदूक धारच्या दत्ताजीरावांच्या घरातून आली होती. मुलं पुण्याला गेली, तीस वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता, असं घरच्यांनी सांगितलं होतं. शालिग्रामनं आठवडाभर तिच्यावर जीव टाकला होता. आल्या दिवशीच कडी चार वेळा खालीवर केली, काही बाहेर आलं नाही. खालची नळी तेवढी उघडली नव्हती. तिच्या टोकाचा स्क्रू गंजून धरला होता. जोर केला असता तर खाच फाटली असती. म्हणून त्यानं काडतुसं भरायच्या भोकातून नळीत तेल सोडलं, रात्रभर बंदूक उभी ठेवली आणि सकाळी पुसून घेतली.

"रिकामी आहे," तो म्हणाला आणि बंदूक तिच्या हातात दिली. "कडी ओढून घ्या आणि ट्रिगर दाबून बघा. लोणी आहे लोणी."

तिनं नेम धरला तो आतल्या दाराशेजारच्या कॅलेंडरवर. तेवढ्यात त्या दारातून मालन, त्याची बायको, डबा घेऊन आली. समोर नळी बघून ती थबकली.

"अहो बाई, माझ्यावर कशाला? स्वयंपाक इतका काही वाईट नसतो माझा."

सगळे हसले. "उभी राहा गं," शालिग्राम म्हणाला. "रिकामी आहे. दाबा ताई तुम्ही."

शिवांगीनं कडी खाली ओढली.

वरच्या फटीतून पितळेचं एक काडतूस अलगद वर आलं आणि तिथे थांबलं. त्याच्या बुडाला वाळलेलं कुंकू होतं.

शिवांगीचं बोट ट्रिगरवरून सुटलं. तिनं नळी जमिनीकडे केली, तीही इतकी हळू की जणू हातात झोपलेलं मूल होतं. "काका," ती म्हणाली, "हे काय आहे?"

शालिग्रामला माहीत होतं हे काय आहे. त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. दरबारी घरांत दसऱ्याला शस्त्र देवीपुढे उपाशी ठेवत नाहीत. घरातला वडीलधारा कुंकू लावून काडतूस भरतो, आरती झाली की काढतो. त्याच्या वडिलांनी अशी कितीतरी काडतुसं काढली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. दत्ताजीरावांचं काढायचं राहून गेलं. तीस वर्षं नळीतल्या मळात ते चिकटून बसलं, आणि परवा शालिग्रामच्याच तेलानं ते सुटलं.

मालन अजून तिथेच उभी होती, कारण त्यानंच तिला उभी राहा म्हटलं होतं. डबा तिनं छातीशी धरला होता. त्याला तिच्याकडे बघवेना.

जयसिंगरावांनी काडतूस काढून काउंटरवर ठेवलं. "होतं भिया," ते म्हणाले. "बैठ जा. पाणी पी."

तो बसला नाही. त्यानं बंदूक मागून घेतली, टेबलावरच्या शिकंज्यात आवळली, सगळ्यात मोठा पेचकस काढला आणि नळीच्या टोकाच्या त्या स्क्रूवर सगळा भार टाकला. पेचकस घसरला. चकचकीत लोखंडावर पांढरा ओरखडा उमटला. दुसऱ्यांदा घसरला, खाचेचा काठ उडाला. तिसऱ्यांदा स्क्रू करकरत फिरला. त्यानं स्प्रिंग ओढून काढली, नळी तिरकी केली आणि टेबलावर आणखी एक काडतूस घरंगळत आलं. त्यालाही कुंकू होतं.

मालननं डबा खाली ठेवला. "दुसरं पण होतं?" एवढंच ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. बराच वेळ तो ती नळी उजेडाकडे धरून बघत राहिला. मग ती जशीच्या तशी जोडली. खाच फाटलेली, ओरखडे दिसत असलेले. पॉलिश लावायला हात गेला नाही.

"मला हीच पाहिजे," शिवांगी म्हणाली. "पण काका, आता रिकामी आहे ना?"

शालिग्रामनं तोंड उघडलं. ते दोन शब्द एकेचाळीस वर्षांत त्याला कधी शोधावे लागले नव्हते. त्यानं मालनला हाताला धरून आपल्या मागे घेतलं, पेचकस उचलला आणि शिवांगीपुढे ठेवला.

"या इकडे," तो म्हणाला. "तुम्ही उघडून बघा."